वाढणाऱ्याचा हुद्दा

सोलापूर जिल्ह्यातला एखादा मुलगा हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन मुंबईस गेला, तेथील एखाद्या नामांकित जपानी भोजनगृहात पाचसात वर्षे उमेदवारी करून भोजनकक्षाचा व्यवस्थापक झाला आणि सुट्टीसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने घरी आला, म्हणजे त्याच्या आप्तेष्टांत त्याच्याविषयी हलक्या आवाजात, पण पूर्ण निश्चयाने, जो अभिप्राय व्यक्त होतो तो गेली अनेक वर्षे माझ्या कानांवर पडत आला आहे आणि दर वेळी मनाला तितकाच झोंबला आहे. "शेवटी बशाच उचलतो ना?" हे त्या अभिप्रायाचे सूत्रवाक्य. पगार बरा आहे, राहणी नीटनेटकी आहे, बोलणे अदबीचे आहे, हे सर्वांना मान्य असते. तरीही लग्नासाठी त्याचा परिचय लिहिताना 'खासगी कंपनीत मॅनेजर' एवढेच लिहावे, कंपनी कोणती आणि काम कसले हे कोणी विचारल्याखेरीज सांगू नये, असा सल्ला वडीलधारी मंडळी त्याच्या बापाला देतात, आणि बाप तो निमूटपणे मानतो. हा सल्ला देणारे लोक दुष्ट नसतात. ते सुशिक्षित, संसारी, एरवी विचारी असतात, आणि म्हणूनच त्यांच्या मताचा सविस्तर परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

त्यांचे म्हणणे कमीअधिक न करता मांडायचे तर ते असे आहे. अन्न शिजवणे ही कला आहे, आचाऱ्याच्या हाताला चव असते, हे एक वेळ कबूल. परंतु शिजलेले अन्न चुलीपासून वीस पावलांवर नेऊन ठेवणे यात विद्या ती कसली? ते काम न शिकता कोणालाही करता येते. शिवाय जपानी पद्धतीचे ते वाकून स्वागत करणे, तो ऊन टॉवेल, मोठ्या बशीत मांडलेले ते घासभर अन्न, हा सारा धनिकांचा षोक. ज्या गावात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि रश्श्याची वाटी यांवर माणूस तृप्त होऊन उठतो त्या गावाला या अवडंबराशी काय कर्तव्य? त्यातून, परक्या माणसापुढे उभे राहून त्याची आज्ञा झेलणे शिकल्यासवरल्या मुलाच्या स्वाभिमानाला शोभत नाही. आणि हे सर्व बाजूस ठेवले, तरी उद्या हे काम यंत्रेच करू लागतील, तेव्हा त्यात आयुष्य कशाला घालवावे? या युक्तिवादातला एकही पाया मला भक्कम दिसत नाही.

प्रथम विद्येचा प्रश्न घेऊ, कारण बाकीच्या आक्षेपांचे मूळ तेथेच आहे. सोलापूरचे एखादे लिंगायत किंवा जैन कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेले, नातवाच्या हौसेखातर मुंबईत जपानी भोजनगृहात जेवायला बसले आहे असे समजा. आजी काही तरी साधे, ऊन, पिण्याजोगे मागतात, आणि नातू यादीवर बोट ठेवून मिसोचे सूप सांगतो. काळ्या लाखेच्या वाटीत ते येते: आंबवलेल्या सोयाबीनचे गढूळसर पाणी, त्यात टोफूचे चार पांढरे चौकोन, वर कांद्याची बारीक चिरलेली पात. मांसमत्स्याचा लवलेशही डोळ्यांना दिसत नाही. परंतु ज्या पाण्यात तो मिसो कालवलेला असतो ते साधे पाणी नसते. त्याला दाशी म्हणतात, आणि ती बहुधा कोम्बू नावाची वाळवलेली समुद्रवनस्पती आणि धुरी देऊन लाकडासारखा कठीण केलेल्या बोनितो माशाचा पातळ कीस यांचा अर्क असते. जपानी स्वयंपाकाचा पायाच तो. सूपात ती असते, उकडलेल्या भाजीत असते, टेंपुराबरोबर येणाऱ्या पातळ रसात असते, सोबाच्या शेवयांबरोबरच्या रसात असते. सर्वत्र असते आणि कोठेही दिसत नाही. तिच्या जोडीला मिरिन हे गोडसर मद्य असते, आणि सोया सॉसमध्ये गहू असतो, जो एखाद्याच्या प्रकृतीला विषासारखा बाधतो.

आता त्या आजींचा आजन्म पाळलेला नेम आणि ती वाटी यांच्यामध्ये कोण उभा आहे? आचारी पडद्याआड आहे. त्याने आजींना पाहिलेलेही नाही. मालक कदाचित परगावी असेल. उभा आहे तो केवळ वाढणारा. त्याने आजींच्या कपाळावरची विभूती पाहिली असेल, "आजी, मासे तर नकोच, पण कांदालसूण चालतो का? कंदमुळे, मशरूम चालतात का?" असे चार साधे प्रश्न, शेजारच्या मेजावर ऐकू न जाता आणि आजींना संकोच न वाटता विचारले असतील, नुसत्या कोम्बूची दाशी आत तयार आहे की नाही हे संध्याकाळी सेवा सुरू होण्यापूर्वीच मुदपाकखान्यात विचारून ठेवले असेल, आणि केओटीवर, म्हणजे मुदपाकखान्यात जाणाऱ्या फर्माईशीच्या चिठ्ठीवर, ते ठळक लिहून, शिवाय तोंडी सांगून, वेगळे भांडे व वेगळा डाव वापरवला असेल, तरच तो नेम शाबूत राहतो. जपानमधल्या बौद्ध मठांतून निखळ शाकाहारी स्वयंपाकाची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे आणि तिच्यात दाशीसाठी कोम्बू व शिइताके मशरूम वापरतात, हे त्याला ठाऊक असावे लागते. आणि मशरूम न खाणाऱ्या जैन पाहुण्याला तीही चालणार नाही, हेही ठाऊक असावे लागते. दोन दूरच्या समाजांचे आहारशास्त्र तोंडपाठ असून ते योग्य क्षणी, योग्य शब्दांत उपयोगात आणणे, ही विद्या नाही तर विद्या म्हणायचे कशाला?

यात अजून काळाचा हिशेब आलेलाच नाही. सुशीचा भात अंगाच्या उष्णतेइतका कोमट असतानाच खावा लागतो. त्याच्या भोवतीचे नोरीचे कागदी पान काही मिनिटांत दमट होऊन चिवट होते. टेंपुरा थांबला की त्याचा कुरकुरीतपणा गेला. म्हणजे आचाऱ्याने केलेले सारे कष्ट शेवटच्या वीस पावलांत टिकतात किंवा मातीमोल होतात. बरे, माणसे तर एका वेगाने जेवत नाहीत. एका मेजावर व्यवहाराची बोलणी चालू आहेत, तेथे घाई करून चालत नाही. दुसऱ्या मेजावर लहान मूल पेंगुळले आहे, तेथे क्षणाचाही विलंब चालत नाही. तिसऱ्या मेजावरच्या नवख्या पाहुण्याला त्या दोन काड्यांनी घास उचलता येत नाही आणि काटाचमचा मागण्याची लाज वाटते, त्याच्या हाताशी तो न मागता, न बोलता येऊन पडला पाहिजे. व्यवस्थापक आठ वाजता सगळी मेजे एकदम भरू देत नाही. राखीव जागांच्या वहीत तो पावपाव तासाचे अंतर ठेवतो, कारण एकाच क्षणी चाळीस माणसांची फर्माईश आत गेली तर आतला उत्तमातला उत्तम आचारीही हतबल होतो, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. संध्याकाळी दारे उघडण्यापूर्वी तो आपल्या सर्व मंडळींना उभे करून आज कोणता मासा आला, कोणता संपला, कोणत्या मेजावर कोणाची प्रकृती कशाला सोसत नाही, याची वाचून दाखवून उजळणी करून घेतो. कोणत्याही कचेरीतला कोणता अंमलदार रोज संध्याकाळी इतक्या चोख तयारीने कामास उभा राहतो?

तोक्योच्या गिन्झा भागात तळघरात दहा आसनांचे एक सुशीगृह आहे, जिरो ओनो या वृद्ध कारागिराचे. त्याच्यावर २०११ साली निघालेला चित्रपट जगभर पाहिला गेला. पाहुणा डावखुरा आहे हे पहिल्याच घासाला हेरून पुढचा तुकडा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला जातो, हे त्यात दाखवले आहे. पाहुण्याने काही सांगितलेले नसते, त्याला काही विचारलेलेही नसते. एवढे अवधान ज्याच्यापाशी आहे त्याला 'बशा उचलणारा' म्हणणे हा भाषेचा अपव्यय आहे.

आता अवडंबराच्या आक्षेपाकडे वळू. जपानी भोजनविधीचे मूळ ज्या चहाच्या विधीत आहे त्याचा थोर आचार्य सेन नो रिक्यू हा सोळाव्या शतकात होऊन गेला, आणि त्याचे नाव ज्या ताइआन नावाच्या चहाच्या खोलीशी जोडले जाते ती जेमतेम दोन चटयांची आहे. मातीच्या भिंती, ओबडधोबड पेला, चहापूर्वी मोजके साधे अन्न: ज्याला पुढे काइसेकी म्हणून लौकिक मिळाला त्याचा उगम ऐश्वर्यात नाही, काटछाटीत आहे. आजच्या जपानी भोजनगृहांची देयके भारी असतात, हे खरे. पण ताजी मासळी बर्फातून दूरवरून आणण्याचा आणि मुंबईतल्या जागेचा तो खर्च आहे, वाढणाऱ्याच्या अदबीचा नव्हे. अदब तर जपानात इतकी विनामूल्य मानली जाते की तेथे वाढणाऱ्यास टीप देण्याची रीतच नाही.

आणि हे सारे आपल्याला परके आहे, हे कोणी ठरवले? बशीची दर्शनी बाजू पाहुण्याकडे असावी, अख्खा मासा वाढताना त्याचे डोके डावीकडे असावे, भात कोणत्या टप्प्यावर यावा, याचे जपानी नियम ऐकून हसणाऱ्या आपल्या लोकांनी स्वतःच्या पानाकडे एकदा पाहावे. चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मिठाची जागा ठरलेली, वरणभातावर तूप पडल्याखेरीज कोणी हात लावायचा नाही: आपली पंगतही तितक्याच काटेकोर व्यवस्थेने चालत होती, आणि ती चालवणाऱ्या वाढप्याची नजर शंभर पानांवरून फिरत कोणाचा भात संपत आला ते हेरीत होती. (लग्नांत ताट हाती धरून रांगेत उभे राहण्याची जी पद्धत आपण अलीकडे स्वीकारली, तिच्यामुळे ही नजर बुजत चालली, हे मला फार दुःखाचे वाटते.) शिवकालीन राज्यकारभारातल्या अठरा कारखान्यांत जसे तोफखाना आणि पीलखाना होते तसेच मुदपाकखाना, आबदारखाना आणि शरबतखानाही होते; पाण्याची आणि अन्नाची सरबराई हे दप्तरी नोंद असलेले, जबाबदारीचे, राज्याचे काम होते. ज्या राज्याचा आपण पदोपदी अभिमान मिरवतो, त्याने ज्या कामाला कारखान्याचा दर्जा दिला, ते काम आपल्याला हलके का वाटावे?

त्यातही सोलापूरकराने त्या ऊन टॉवेलाला नाक मुरडावे, याचे मला विशेष नवल वाटते. जपानी भोजनाचा आरंभ ज्या ओशिबोरीने होतो, तो म्हणजे पाण्यात भिजवून, पिळून, घट्ट गुंडाळी करून दिलेला छोटा टॉवेल. तो थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार असावा लागतो. जास्त ओला असेल तर पाहुणीच्या साडीवर पाणी गळते, कमी ओला असेल तर हात पुसले जात नाहीत. त्याला धुण्याच्या औषधाचा वास राहता कामा नये, त्याची किनार उसवलेली असता कामा नये. भोजनगृहाविषयी पाहुण्याचे पहिले मत त्या वीतभर कापडावरून बनते. आणि कापडाची ही पारख, पृष्ठभागावरचे सुताचे फासे कितपत दाट आहेत, ते पाणी किती धरतील, किती धुलायांपर्यंत टिकतील, ही ज्या शहराच्या बोटांत आहे ते शहर सोलापूरच नव्हे काय? आपल्या चादरीबरोबर आपल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. शहराच्या पूर्व भागातल्या मागांच्या खडखडाटात वाढलेल्या पद्मशाली घरातला मुलगा उद्या एखाद्या जपानी भोजनगृहात उभा राहिला, तर टॉवेलांची गठडी उघडून एक नग चिमटीत धरताच तो माल ठेवायचा की परत पाठवायचा हे त्याला सांगता येईल. हे ज्ञान त्याला त्याच्या घराने दिले. त्याची लाज त्याने कोणासाठी बाळगावी?

यंत्रांचा मुद्दा थोडक्यात निकालात निघण्यासारखा आहे. सुशीच्या बशा पट्ट्यावरून पाहुण्यांपुढे फिरवण्याची योजना स्वतः जपान्यांनीच काढली; योशिआकी शिराइशी याने १९५८ साली ओसाकात तसे पहिले दुकान उघडले. तेव्हापासून इतकी दशके लोटली, पट्ट्याची दुकाने हजारोंनी झाली, स्वस्त आणि सोयीची ठरली, आणि तरीही त्याच देशात दहा आसनांच्या फळीपुढे माणसाने माणसाला हाताने वाढण्याची पद्धत सर्वांत मानाची राहिली आहे. आजींना कांदालसूण चालतो का, हे पट्टा विचारीत नाही.

राहता राहिला स्वाभिमानाचा आक्षेप. हा सर्वांत जड आक्षेप, कारण त्याच्यामागे युक्तिवाद थोडा आणि संस्कार फार आहे. घरच्या कार्यात यजमान स्वतः कंबर कसून, हातात तुपाची तामली घेऊन, "अजून एक, माझ्यासाठी" म्हणत पंगतीतून फिरतो, तेव्हा त्याचा स्वाभिमान कोठे जातो? तो वाढतो, वाकतो, आग्रह करतो, आणि लोक त्याला थोर म्हणतात. तेच काम दुसऱ्याने वेतन घेऊन केले की हलके ठरते. म्हणजे हलकेपणा कामात नसून करणाऱ्याच्या पायरीत मानलेला आहे. ही पायरी कोठून आली, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नसावी. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, कोणाला वेगळ्या कपात चहा द्यायचा, कोणाला ओसरीवर बसवायचे, या विटाळाच्या हिशेबात ज्या समाजाने शतके काढली, त्याने अन्न हाती देणाऱ्या माणसाकडे माणूस म्हणून पाहण्याची सवयच गमावली. मग ज्याचा मान नाही त्याचे दाम कशाला, या न्यायाने हॉटेलांत पोरे राबवली गेली, भटारखान्याच्या फरशीवर झोपवली गेली, बशी फुटली तर मारली गेली. चौदा वर्षांखालच्या मुलांना ढाब्यांत आणि उपाहारगृहांत कामास ठेवण्यास मनाई होण्यास २००६ साल उजाडावे लागले. काम वाईट म्हणून त्याची स्थिती वाईट झाली नाही. आपण तुच्छ लेखले म्हणून ती वाईट झाली, आणि आता त्या वाईट स्थितीकडे बोट दाखवून आपण म्हणतो, पाहा, काम किती तुच्छ आहे!

हे अन्यत्र कोणी म्हटले असते तर एक वेळ समजले असते. परंतु ज्या गावाचे ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर आहेत, ज्यांनी बाराव्या शतकात स्वतः कष्ट करून तलाव उभा केला, आणि ज्यांच्या पंथाने श्रमाला कायक व अन्नदानाला दासोह म्हणून ईश्वरोपासनेच्या पंक्तीस बसवले, त्या गावात हे म्हटले जावे? याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे नाव आजही घरोघर घेतले जाते ते त्यांच्या बादशाही हुद्द्यासाठी नव्हे, तर दुष्काळात त्यांनी भुकेल्यांसाठी उघडलेल्या कोठारांसाठी. ज्या जिल्ह्यातल्या अक्कलकोटच्या अन्नछत्रात पान वाढण्याची संधी मिळावी म्हणून सधन लोक रांग लावतात, त्या जिल्ह्यात? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दासोह करणारा धन्य, आणि तोच दासोह बारा महिने, नियमाने, जबाबदारीने करणारा लाजिरवाणा, हा भेद कोणत्या धर्मशास्त्रात बसतो?

आणि जबाबदारी म्हणजे काय, याचा दाखला हवा असेल तर तो एका जपानी भोजनगृहातच सापडतो. मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये मासाहारु मोरिमोतो या जपानी पाककुशलाच्या नावाने २००४ साली 'वासाबी' हे भोजनगृह सुरू झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी त्या इमारतीत शिरले तेव्हा 'वासाबी'त पन्नासच्या आसपास पाहुणे जेवत होते, आणि थॉमस वर्गीस नावाचे, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे झालेले, ताजमध्ये तीस वर्षे नोकरी केलेले ज्येष्ठ वाढपी कामावर होते. त्यांनी पाहुण्यांना मेजांखाली दडायला लावले आणि आपल्या सहकाऱ्यांना त्यांच्याभोवती कडे करून उभे केले. चार तासांनी सुटकेची वाट दिसली, ती जवळच्या गोल जिन्याची. वर्गीस यांनी आधी पाहुणे, मग आपले सहकारी, अशा क्रमाने माणसे उतरवली. आपण सर्वांत शेवटी उतरणार, असा त्यांचा हट्ट होता. ते जिन्याच्या पायथ्याशी आले तेव्हा गोळ्या घालून त्यांचा प्राण घेण्यात आला. त्या हल्ल्यात त्या हॉटेलचे अकरा सेवक पाहुण्यांना वाचवताना मृत्युमुखी पडले, आणि बाराशे ते पंधराशे पाहुणे बाहेर निघू शकले. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूच्या डिसेंबर २०११ च्या अंकात या घटनेचा अभ्यास मांडला. ताज आपले उमेदवार महानगरांपेक्षा लहान शहरांतून निवडते, वडीलधाऱ्यांविषयी आदर आणि दुसऱ्याची काळजी हे गुण पाहून निवडते आणि त्यांना अठरा महिने शिकवते, असे त्यांना आढळले.

तो क्रम वर्गीस यांना त्या रात्री सुचलेला नव्हता. पाहुणा आधी, मग हाताखालचा माणूस, मग आपण, हा क्रम त्यांनी तीस वर्षे रोज संध्याकाळी पाळला होता. घास आधी पाहुण्याला, चुकीचा ठपका आधी स्वतःला, विश्रांती आधी कनिष्ठाला: भोजनकक्षाचा कारभार म्हणतात तो हा, आणि ज्या माणसाला तो येतो त्याच्यावर घर, कचेरी, गाव, काहीही इतबाराने सोपवावे. अशा माणसाला 'बशाच उचलतो' म्हणणाऱ्याने आपल्या स्वतःच्या हुद्द्यावर, आपल्या स्वतःच्या मेजाशी, आपल्यावर भरवसा टाकून बसलेल्या माणसांसाठी आपण आजवर काय उचलले, याचा हिशेब द्यावा.

माझी सोलापूरकरांस विनंती आहे. येथे जे हॉटेले आणि खानावळी चालवतात त्यांनी वाढणाऱ्याला नेमणुकीचे पत्र, आठवड्याची हक्काची सुट्टी, निजायला नीट जागा आणि शिकायला वेळ द्यावा. जे जेवायला जातात त्यांनी टिचकी वाजवून हाक मारणे सोडावे आणि त्याचे नाव विचारावे. आणि ज्या बापाचा मुलगा मुंबईला, पुण्याला किंवा आणखी दूर एखाद्या जपानी भोजनगृहाचा भोजनकक्ष सांभाळतो, त्याने मुलाच्या लग्नाच्या परिचयपत्रात हुद्दा पुरता लिहावा, भोजनगृहाच्या नावासकट.